ठिणगीनंतरचा क्षण

1862 साल. पॅरिसमधल्या प्रयोगशाळेत मार्सेलँ बर्तेलोसमोर अंड्याच्या आकाराचं एक काचपात्र होतं. दोन बाजूंनी कार्बनच्या कांड्या आत शिरलेल्या, त्यांच्या टोकांमध्ये विजेची कमान पेटलेली. एका तोंडातून हायड्रोजन आत येत होता, दुसऱ्या तोंडातून बाहेर पडत होता आणि बाहेर पडलेला वायू क्युप्रस क्लोराइडच्या अमोनियायुक्त द्रावणातून बुडबुडत जात होता. थोड्या वेळाने त्या द्रावणात साका धरू लागला. विटकरी-तांबडा. रसायनज्ञाला त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. अ‍ॅसिटिलीन आला की तांबं असा रंग दाखवतं. हा साका वाळला तर नुसत्या धक्क्यानेही फुटतो, म्हणून तो ओला असेपर्यंतच हाताळायचा.

कार्बन आणि हायड्रोजन ही दोन मूलद्रव्यं थेट जोडून सेंद्रिय पदार्थ बनवता येतो, हे त्या लाल साक्याने दाखवून दिलं. सेंद्रिय पदार्थ घडवायला सजीवातली काही गूढ 'जीवनशक्ती' लागते, या जुन्या समजुतीला व्योलरने 1828 मध्ये युरिया बनवून तडा दिलाच होता. बर्तेलोने तिचं उरलंसुरलं बळही काढून घेतलं. मग त्याने कार्बन आणि हायड्रोजन वेगवेगळे न घेता दोन्ही ज्यात आधीच जोडलेले आहेत असा मिथेन घेतला आणि त्यात ठिणग्या पाडल्या. पुन्हा अ‍ॅसिटिलीन. पण भांडं बंद ठेवून ठिणग्या पाडतच राहिलं, की अ‍ॅसिटिलीन ठरावीक मर्यादेपुढे वाढेना आणि काचेवर काळा थर चढू लागे. काजळी.

मिथेनपासून उपयोगी काही बनवण्याची पुढची दीडशे वर्षांची सगळी धडपड या दोन निरीक्षणांमध्ये आहे. वायू वाहता असेल तर लाल साका मिळतो, कोंडलेला असेल तर काजळी. वीज मिथेनला फोडते याबद्दल कुणालाच कधी शंका नव्हती. फोडल्यावर हाती काय ठेवायचं आणि ते विजेच्या तावडीतून कसं सोडवायचं, हा प्रश्न होता, आणि आजही आहे.

मिथेनमध्ये ठिणगी टाकणारा बर्तेलो पहिला नव्हे. ज्याने मिथेन ओळखला त्यानेच ठिणगीही टाकली होती. 1776 च्या नोव्हेंबरात अलेस्सांद्रो व्होल्टा उत्तर इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या काठी, आंजेरा गावाजवळ, उथळ पाण्यातला गाळ काठीने ढवळत होता. गाळातून बुडबुडे वर आले की ते पाण्याने भरलेल्या उपड्या बाटलीत पकडायचे. तळ्यातला हा वायू निळसर ज्योतीने जळतो, हे त्याने पाहिलं आणि कार्लो काम्पी या पाद्री मित्राला पत्रांवर पत्रं लिहिली. पुढच्याच वर्षी ती पुस्तकरूपाने छापली गेली. या वायूत हवा मिसळून भांड्याचं तोंड बुचाने बंद केलं आणि आत विजेची ठिणगी पाडली, की बूच फटाक्यासारखं उडे. व्होल्टाने त्याचं पिस्तूलच बनवलं. कोमोपासून मिलानपर्यंत तार टाकून इकडून विजेने तिकडचं पिस्तूल उडवता येईल, असंही त्याच्या मनात आलं होतं. मोर्सच्या तारायंत्राच्या कितीतरी आधी!

पण पिस्तुलात हवा होती, म्हणजे ऑक्सिजन होता. तिथे मिथेन जळत होता, घडत नव्हता. हवा न मिसळता निव्वळ मिथेनमध्ये ठिणग्या पाडण्याचे प्रयोग इंग्लंडमध्ये झाले. विल्यम ऑस्टिनने 1790 मध्ये पाहिलं, की वायू फुगतो. त्यावरून कार्बन हे मुळी मूलद्रव्यच नसावं, अशा भलत्या निष्कर्षापर्यंत तो गेला. विल्यम हेन्रीने 1797 मध्ये तो खोडला. वायू फुगतो त्याचं कारण सरळ आहे: मिथेनचा एक रेणू पूर्ण मोडला की हायड्रोजनचे दोन रेणू आणि थोडी काजळी होते, म्हणजे आकारमान दुप्पट. पण अठराव्या शतकात रेणू मोजणारं कोण होतं?

मिथेन इतका हट्टी का, हे थोडं समजून घेतल्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही. मधोमध कार्बनचा एक अणू आणि चार कोपऱ्यांना हायड्रोजनचे चार. चारही बंध सारखे, कुठेही कच्चा दुवा नाही. पहिला बंध तोडायला मोलमागे सुमारे 439 किलोज्यूल लागतात. म्हणजे मिथेन मजबूत, एवढंच असतं तर जास्त जोर लावून काम भागलं असतं. खरी पंचाईत पुढे आहे. मिथेनपासून मिथेनॉल बनवलं, तर मिथेनॉलमधला कार्बन-हायड्रोजन बंध मिथेनमधल्या बंधापेक्षा कमजोर असतो. मिथेनला हात घालू शकेल इतकं जालीम काहीही आणलं, की ते आधी मिथेनॉलचा फडशा पाडतं. कच्चा माल पक्क्या मालापेक्षा टणक असलेला असा धंदा क्वचितच सापडेल.

अ‍ॅसिटिलीनची तऱ्हा याहून वेगळी. साधारण 1,200 अंश सेल्सिअसच्या वर अ‍ॅसिटिलीन मिथेनपेक्षा टिकाऊ ठरतो, म्हणून तापवत नेलं की मिथेन त्या दिशेने सरकतो. पण तो मुक्काम मधला. तसंच तापत राहू दिलं तर शेवट कार्बन आणि हायड्रोजन. सावकाश थंड करत गेलं तरी वाटेत अ‍ॅसिटिलीन मोडतोच. मिथेन ते काजळी या प्रवासात अ‍ॅसिटिलीनला मिलिसेकंदांचं आयुष्य मिळतं आणि त्याच काळात त्याला उचलून बाहेर काढावं लागतं.

हे कारखान्याच्या पातळीवर पहिल्यांदा जमलं ते जर्मनीत, आणि ज्या काळात जमलं त्याची काळी सावली त्यावर आहे. रूर खोऱ्याच्या काठावर मार्ल या गावी 1938 मध्ये ह्यूल्स कंपनी स्थापन झाली ती 'बुना' या कृत्रिम रबरासाठी. युद्धाची तयारी चालू होती. टायर हवे होते आणि मलायातलं रबर समुद्रापलीकडे होतं. आय. जी. फार्बेन या रसायन कंपनीच्या रसायनज्ञांनी आधीची कित्येक वर्षं प्रयोगशाळेत घोटवलेली विद्युतकमानीची भट्टी 1940 मध्ये इथे चालू झाली.

ती भट्टी नीट पाहण्यासारखी आहे. लांब धातूची नळी हाच एक विद्युतअग्र, वरच्या अंगाला दुसरा, दोहोंमध्ये सुमारे सात हजार व्होल्टचा दाब. मीटरभर लांबीची कमान नळीतून खाली ओढलेली असते. एकेका भट्टीला आठ मेगावॉटच्या आसपास वीज. मिथेन आणि इतर हायड्रोकार्बनांचं मिश्रण नळीत सरळ सोडायचं नाही, कडेने तिरकं सोडायचं, म्हणजे ते गरगर फिरत जातं, कमान मधोमध राहते आणि नळीच्या भिंती वितळत नाहीत. कमानीच्या गाभ्यात तापमान दहा हजार अंशांच्या पुढे जातं. तिथे मिथेनचे तुकडे होतात, तुकड्यांतून अ‍ॅसिटिलीन जुळतो आणि कमानीतून बाहेर पडतो न पडतो तोच चहूबाजूंनी पाण्याचे फवारे. लालबुंद कोयता लोहार कधी पाण्यात बुडवतो यावर त्याची धार ठरते. इथे तो 'कधी' हजारांश सेकंदांत मोजायचा. फवारा दोन बोटं खाली सरकवला तर काजळी वाढते, वर घेतला तर मिथेन न फुटताच निसटतो.

एक किलो अ‍ॅसिटिलीनला सुमारे दहा युनिट वीज लागे. या अ‍ॅसिटिलीनपासून अ‍ॅसिटाल्डिहाइड, त्यापासून दोन-तीन पायऱ्यांनी ब्यूटाडाइन आणि ब्यूटाडाइनपासून रबर. ह्यूल्समध्येही सक्तीने आणलेले परदेशी मजूर राबवले गेले. 22 जून 1943 रोजी अमेरिकी विमानांनी दिवसाढवळ्या कारखान्यावर बाँब टाकले आणि तो काही काळ बंद पडला. युद्ध संपलं, बुनाची निकड संपली, पण कमान पुढे कित्येक दशकं चालू राहिली. प्लाझ्मा रसायनशास्त्राच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात 'हे उद्योगात चालतं का?' या प्रश्नाला उत्तर म्हणून ह्यूल्सच हजर असते.

'प्लाझ्मा' हा शब्द मी आत्ता प्रथमच वापरला. वायूला इतकी ऊर्जा दिली की इलेक्ट्रॉन अणूंपासून सुटे होतात, ती अवस्था म्हणजे प्लाझ्मा. अर्व्हिंग लँगम्यूरने 1928 मध्ये तिला हे नाव दिलं. बर्तेलोची कमान, ह्यूल्सची कमान, आकाशातली वीज, सगळे प्लाझ्माच.

आता शिकागोतला एक प्रयोग. हा प्रयोग आपण शाळेत 'जीवसृष्टीची उत्पत्ती' या प्रकरणात वाचलेला असतो, आणि तिथेच सोडून दिलेला असतो. मला तो मिथेन आणि ठिणगीच्या इतिहासातला सगळ्यात देखणा प्रयोग वाटतो.

1951 मध्ये शिकागो विद्यापीठात हॅरॉल्ड युरी यांनी एक व्याख्यान दिलं. आदिम पृथ्वीच्या वातावरणात ऑक्सिजन नसावा. मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ असावी. अशा मिश्रणात सेंद्रिय रसायनं बनतात का हे कुणीतरी करून पाहायला हवं, असं ते म्हणाले. श्रोत्यांत नुकताच दाखल झालेला स्टॅन्ली मिलर नावाचा विद्यार्थी होता. प्रयोगांच्या भानगडीत पडायचं नाही, सैद्धांतिक काम करायचं, असं ठरवून तो एडवर्ड टेलर यांच्याकडे गेला होता. वर्षभरात टेलर शिकागो सोडून चालले आणि मिलरचं काम अधांतरी राहिलं. 1952 च्या सप्टेंबरात तो युरींच्या दारात उभा राहिला: तुम्ही म्हणाला होतात तो प्रयोग मी करतो.

युरींनी आधी नकार दिला. नोबेल मिळालेला माणूस, विद्यार्थ्याच्या पीएच.डी.चा खेळखंडोबा होईल ही भीती त्यांना खरीच होती. उल्कांमधल्या थॅलियमचं प्रमाण मोज, हमखास निकाल मिळेल, असा सल्ला त्यांनी दिला. मिलर हटेना. अखेर सहा महिने ते वर्षभराची मुदत मिळाली; तेवढ्यात काही हाती नाही आलं तर थॅलियम.

उपकरण दोघांनी मिळून आखलं. खाली अर्ध्या लिटरचा चंबू, त्यात पाणी, खालून मंद आच. वाफ एका नळीने वर पाच लिटरच्या मोठ्या गोलात जायची. गोलात मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि टंगस्टनच्या दोन तारा. तारांमध्ये ठिणगी पाडायला टेस्ला कॉइल, 60,000 व्होल्टची. निर्वात यंत्रणेतल्या गळती शोधायला प्रयोगशाळांत ती असायचीच. गोलातून खाली कंडेन्सर आणि त्याखाली इंग्रजी यू आकाराची वाकडी नळी. वाफेचं पाणी होऊन ते त्या नळीतून परत खालच्या चंबूत येई. नळी वाकडी का? वाफेने उलट्या वाटेने वर जाऊ नये म्हणून. प्रवाह एकाच दिशेने फिरला पाहिजे.

हा स्फोट होण्यासारखा प्रयोग होता. आत मिथेन-हायड्रोजन, आणि कुठून हवा शिरली तर ठिणगी तयारच. पहिल्या चाचणीत दोन दिवसांतच मिलरचा धीर सुटला. त्याने उपकरण बंद केलं, चंबूतलं पाणी कागदी क्रोमॅटोग्राफीला लावलं, निनहायड्रिन फवारलं आणि कागद तापवला. एक जांभळा ठिपका उमटला. ग्लायसिन, सगळ्यात साधं अमिनो आम्ल.

पुढच्या वेळी त्याने आच वाढवली आणि ठिणगी आठवडाभर चालू ठेवली. पहिल्या दिवसाअखेर पाणी गुलाबी दिसू लागलं. आठवड्याअखेर ते गडद लाल आणि गढूळ झालं होतं. जंतू वाढून निकाल फसवा होऊ नये म्हणून त्याने त्यात मर्क्युरिक क्लोराइड घातलं. या वेळी कागदावर ठिपके अनेक होते: ग्लायसिन, अ‍ॅलानिनचे दोन प्रकार, आणि फिकट का होईना, आणखी काही. 15 मे 1953 च्या 'सायन्स'मध्ये निबंध छापून आला तो एकट्या मिलरच्या नावाने. युरींनी आपलं नाव काढून घेतलं होतं. ते राहिलं असतं तर श्रेय सगळं त्यांच्याकडे गेलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. असे मार्गदर्शक आपल्याकडे किती, हा प्रश्न इथे वाचकाच्या मनात येणारच. तो येऊन जाऊ द्या.

या प्रयोगात ठिणगीइतकंच महत्त्व खालच्या चंबूला आहे. ठिणगीने स्वतः अमिनो आम्लं बनवली नाहीत. तिने मिथेन-अमोनिया फोडून हायड्रोजन सायनाइड आणि अल्डिहाइड बनवले. ते पावसासारखे कंडेन्सरमधून खाली आले आणि अमिनो आम्लं पाण्यात शांतपणे जुळली. अमिनो आम्लांची वाफ होत नाही. एकदा चंबूत उतरली की ती पुन्हा वर ठिणगीपर्यंत पोचूच शकत नाहीत. वाफ, कंडेन्सर आणि वाकडी नळी यांनी मिळून, ह्यूल्समध्ये पाण्याच्या फवाऱ्यांनी केलं होतं तेच काम केलं: घडलेला माल विजेपासून दूर ठेवला.

मिलर 2007 मध्ये गेला. त्याच्या खोक्यांत 1950 च्या दशकातल्या नमुन्यांच्या बाटल्या, लेबलांसकट, तशाच होत्या. त्याचा शिष्य जेफ्री बाडा आणि सहकाऱ्यांनी त्या आधुनिक उपकरणांनी तपासल्या. एका वेगळ्या उपकरणात मिलरने वाफेचा झोत बारीक तोटीतून थेट ठिणगीवर सोडला होता. त्या बाटल्यांत तब्बल 22 अमिनो आम्लं निघाली. झोताने नवे पदार्थ ठिणगीच्या जागेतून झटकन बाहेर ढकलले असावेत, असा एक तर्क त्यांनी मांडला. आदिम पृथ्वीचं वातावरण खरोखरच मिथेन-अमोनियाचं होतं का, याबद्दल आज भूशास्त्रज्ञांना दाट शंका आहे. पण ते भांडण जीवसृष्टीच्या उगमाचं. मिथेनच्या रसायनाला त्याने काही फरक पडत नाही.

ह्यूल्सची कमान वीज गिळणारी आणि राक्षसी. मिलरची ठिणगी नाजूक पण आठवड्याला चमचाभरही माल न देणारी. मधली वाट काढायला रसायनज्ञ वळले ते थंड प्लाझ्माकडे. याची युक्ती व्हेर्नर सीमेन्सने 1857 मध्येच ओझोन बनवण्यासाठी शोधली होती. दोन विद्युतअग्रांच्या मध्ये काच ठेवायची आणि उलटसुलट वीज द्यायची. काच प्रवाह अडवते, त्यामुळे कमान पेटतच नाही. फटीभर निळसर जांभळ्या बारीक ठिणग्यांचा पाऊस पडत राहतो. यात इलेक्ट्रॉनांचं तापमान वीस-तीस हजार अंशांचं असतं, पण वायू हाताला कोमट लागेल इतकाच. जड रेणूंना ऊर्जा द्यायला इलेक्ट्रॉनांना सवडच मिळत नाही.

वायू तापलाच नाही, तर त्याला विझवायचंही कारण नाही, असं वाटेल. तसं वाटलंही. पण इलेक्ट्रॉन आंधळा असतो. त्याला मिथेन आणि नुकतंच बनलेलं मिथेनॉल यांतला फरक कळत नाही, आणि मिथेनॉल तर आधीच कमजोर. माल फटीत घुटमळला की त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. जुनीच पंचाईत नव्या कपड्यात.

टोकियोत तोमोहिरो नोझाकी आणि सहकाऱ्यांनी यावर जे केलं ते मला फार आवडतं. काचेच्या अगदी बारीक नळीत तार ओवून त्यांनी प्लाझ्मा पेटवला, आतून मिथेन आणि ऑक्सिजन सोडला, नळी थंड ठेवली आणि ठरावीक काळाने आत पाण्याचा छोटा झटका मारला. मिथेनॉल, फॉर्मॅल्डिहाइड वगैरे नळीच्या गार भिंतीवर दवासारखं जमतं आणि पाणी ते धुऊन घेऊन जातं. एकाच पायरीत मिथेन ते मिथेनॉल, खोलीच्या तापमानाला. लिव्हरपूलमध्ये शिन तू आणि चीनमधल्या दालियान इथल्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये आणखी पुढची खेळी केली: बाहेरचा विद्युतअग्र म्हणून पाणीच वापरलं. त्यांनी मिथेनबरोबर ऑक्सिजन न घेता कार्बन डायऑक्साइड घेतला, तापमान 30 अंश, दाब नेहमीच्या हवेचा. द्रवरूप माल मिळाला, आणि त्यात सर्वांत जास्त होतं अ‍ॅसिटिक आम्ल. फुटलेल्या कच्च्या मालातला सुमारे 40 टक्के वाटा त्याच्याकडे वळला. मिथेन अधिक कार्बन डायऑक्साइड बरोबर अ‍ॅसिटिक आम्ल. कागदावर हे समीकरण इतकं नेटकं आहे की एकही अणू वाया जात नाही. भट्टीत तापवून ते एका पायरीत जमत नाही. उष्णतेचे नियमच आड येतात.

आपल्याकडे मिथेनच्या या हट्टाशी झुंज पुण्यात झाली, तीही ठिणगीशिवाय. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत व्ही. आर. चौधरी आणि सहकाऱ्यांनी उत्प्रेरक म्हणून गॅलियम घातलेलं झिओलाइट वापरलं आणि मिथेनबरोबर थोडे अल्कीन, म्हणजे दुहेरी बंधाचे हायड्रोकार्बन, सोडले. मिथेनचा हायड्रोजन जबरदस्तीने तोडायचा नाही. शेजारच्या अल्कीनने तो मागून घ्यायचा. मग 400 ते 600 अंशांतच मिथेन हलला, 45 टक्क्यांपर्यंत, आणि बेंझिनच्या जातीचे पदार्थ मिळाले. फेब्रुवारी 1997 च्या 'सायन्स'मध्ये हे आलं. अल्कीन मिथेनपेक्षा महाग असतात, म्हणून हिशेब लगेच जुळत नाही. पण मिथेन फोडायला हजार अंशच लागतात या समजुतीला पुण्याने धक्का दिला, आणि मराठी वाचकाला ते माहीत नसावं याचं मला नवल वाटतं.

आणि एक विचित्र वळण. बर्तेलोपासून सगळे ज्या काजळीपासून पळत होते, तीच काहींनी विकायला काढली. नॉर्वेच्या क्व्हेर्नर कंपनीने मिथेनचे प्लाझ्मात पूर्ण तुकडे करून काजळी आणि हायड्रोजन वेगळे करायची पद्धत आणली; कॅनडातला त्यांचा कारखाना 2003 मध्ये बंद पडला. अमेरिकेत मोनोलिथ कंपनीने नेब्रास्कातल्या हॅलम इथे 2020 मध्ये तोच धागा पुन्हा उचलला. ही काजळी टायरात जाते. जिथे ह्यूल्सचा अ‍ॅसिटिलीन जात होता, तिथेच.

आता ही ठिणगी आपल्या एखाद्या गावात, समजा सिहोऱ्यात, चालेल का ते पाहू. सिहोरा म्हटलं की विदर्भातल्या वाचकाला भंडाऱ्याच्या तुमसर तालुक्यातलं सिहोरा आठवेल. मी म्हणतो ते जबलपूर-कटनी रस्त्यावरचं. मुंबईहून प्रयागराजमार्गे जाणाऱ्या गाडीला जबलपूर सोडलं की 'सिहोरा रोड' स्टेशन लागतं. 1956 पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातलाच हा मुलूख. खरिपात धान, रब्बीत गहू आणि मटार. पावसाळ्यात बांधीतल्या चिखलात पाय रुतला की बुडबुडे येतात ते व्होल्टाने बाटलीत पकडले तेच. रस्त्याकडेच्या वेल्डिंगच्या दुकानात कार्बाइडच्या खड्यांवर पाणी टाकून गॅस काढतात, लसणीसारखा उग्र वास सुटतो आणि टाकीच्या तळाशी चुन्याचा राखाडी राडा उरतो. तो गॅस म्हणजे बर्तेलोचाच अ‍ॅसिटिलीन. हे कार्बाइडही विजेच्या कमानीच्याच भट्टीत बनतं, आणि किलोभर अ‍ॅसिटिलीनमागे वीज खातं तीही ह्यूल्सच्या जवळपास.

पूर्वेला शहडोलच्या सोहागपूर पट्ट्यात कोळशाच्या थरांत अडकलेला मिथेन आहे. थरातलं पाणी उपसलं की तो सुटतो. 2017 पासून तो काढला जातो आणि तीनशे किलोमीटरच्या नळातून उत्तर प्रदेशातल्या फुलपूरकडे जातो. म्हणजे या भागात मिथेन आहे, नळ असलेलाही आणि नसलेलाही. मग सिहोऱ्यात गोबरगॅसवर प्लाझ्मा का चालवू नये?

हिशेब करून पाहा. दोन घनमीटरचा घरगुती गोबरगॅस संच रोज साधारण सव्वा घनमीटर मिथेन देतो, म्हणजे आठशे-नऊशे ग्रॅम. त्यातला पाचवा हिस्सा मिथेनॉल झाला, आणि सगळा नुसता मिथेनॉलच झाला, असं उदार मनाने धरलं तरी अर्धा लिटरही भरत नाही. तोच गॅस शेगडीला दिला तर घरचा दिवसभराचा स्वयंपाक होतो. ज्या मिथेनला गिऱ्हाईक आहे त्यावर प्लाझ्मा चालवणं हा शुद्ध तोटा. जगातल्या तेलविहिरींवर दरवर्षी 140 ते 150 अब्ज घनमीटर गॅस नुसता जाळून टाकतात, कारण तो न्यायला नळ नाही. प्लाझ्माची जागा तिथे, आणि इंदूरसारख्या ठिकाणी. तिथला गोबरधन प्रकल्प 2022 मध्ये सुरू झाला, रोज 550 टन ओल्या कचऱ्यासाठी. कचऱ्याच्या गॅसमध्ये मिथेनच्या जोडीला भरपूर कार्बन डायऑक्साइड असतो, आणि गाडीत भरायचा गॅस करायचा तर तो वेगळा काढावा लागतो. लिव्हरपूलच्या समीकरणाला नेमका तोच लागतो.

राहिला विजेचा प्रश्न. सात रुपये युनिटने दहा युनिट म्हणजे किलोभर अ‍ॅसिटिलीनमागे सत्तर रुपये नुसत्या विजेचे. कार्बाइडला मागे टाकायला हे पुरत नाही. पण सिहोऱ्याच्या ईशान्येला रीवा जिल्ह्यात 2020 मध्ये 750 मेगावॉटचा सौर प्रकल्प सुरू झाला, आणि त्याच्या विजेचा पहिल्या वर्षीचा दर होता 2 रुपये 97 पैसे. त्या दराने सत्तरचे तीस होतात. सूर्य मावळल्यावर काय, ही अडचण मिथेन वाफेबरोबर तापवणाऱ्या भट्टीला असते. ती तापायलाच दिवस जातो. विजेची कमान कळ दाबली की पेटते, कळ दाबली की विझते. सकाळी दहाला चालू करून दुपारी चारला बंद केली तरी तिचं काही बिघडत नाही.